राजवाड्याच्या दारातले अत्तरवाले

इ.स. 912च्या सुमारास कॉन्स्टंटिनोपल शहरात, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, बाजारपेठेसाठी एक नियमावली निघाली. सोनारांपासून मासळीवाल्यांपर्यंत सगळ्यांना तिच्यात कलमं आहेत. सुगंधी द्रव्यं विकणाऱ्यांचं कलम मला फार आवडतं. त्यांनी आपली मेजं मिलिओनपासून खाल्कीपर्यंतच्या पट्ट्यातच मांडायची. मिलिओन म्हणजे साम्राज्यातली अंतरं जिथून मोजायची तो पहिला मैलाचा दगड. खाल्की म्हणजे राजवाड्याची मोठी देवडी, आणि तिच्या दारावर ख्रिस्ताचं चित्र. मेजं इथेच का, हेही कलमातच सांगून टाकलंय: सुवास वर चित्रापर्यंत पोचावा, आणि जाता जाता राजवाड्याची देवडीही दरवळावी.

मेजांवरचा माल आपल्या ओळखीचा आहे. मिरी, दालचिनी, जटामांसी, अगरू, कस्तुरी, अंबर, धूप, हिराबोळ. जुन्या पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानाची पायरी चढताना जो संमिश्र वास नाकात शिरतो, साधारण तोच तिथे असणार. मिरी मलबारची, जटामांसी हिमालयातली. कितीतरी हात बदलून ती त्या दाराशी पोचायची आणि मग देवाला, बादशहाला आणि गिऱ्हाइकाला एकाच झुळकीत मिळायची.

बायझंटाइन साम्राज्यावरचं कुठलंही पुस्तक उघडलं की धर्माचं प्रकरण वेगळं, व्यापाराचं वेगळं, कलेचं वेगळं. वाचणारा तिथेच गोंधळतो. तिथल्या माणसाला हे तीन विषय आहेत हेच पटलं नसतं. म्हणून मी त्या अत्तरवाल्यांच्या मेजांपासूनच पुढे जाणार आहे.

आधी नावाचा घोळ निस्तरू. रोमन बादशहा कॉन्स्टंटाइन याने 330 साली बिझँटिऑन या जुन्या ग्रीक गावाच्या जागी आपली नवी राजधानी वसवली. पश्चिमेकडचं रोमन साम्राज्य पाचव्या शतकात ढासळलं, पूर्वेकडचं तगलं, आणि तगलं ते थेट 29 मे 1453 पर्यंत. हजार वर्षांहून जास्त. या सगळ्या काळात तिथले लोक ग्रीक बोलत, पण स्वतःला रोमनच म्हणवत. ‘बायझंटाइन’ हे नाव रूढ व्हायला सुरुवात झाली ती 1557 साली एका जर्मन अभ्यासकाच्या ग्रंथापासून, म्हणजे साम्राज्य संपून शंभर वर्षं उलटल्यावर. ज्या नावाने आपण त्यांना ओळखतो, त्या नावाने हाक मारली असती तर त्यांच्यातल्या एकानेही मागे वळून पाहिलं नसतं.

आता धर्म. चौथ्या शतकातला निसाचा बिशप ग्रेगरी या शहराबद्दल वैतागून सांगतो, की सुट्टे पैसे मागावेत तर दुकानदार ‘जन्मलेला’ आणि ‘अजन्मा’ यांवर प्रवचन झोडतो. पावाचा भाव विचारावा तर उत्तर येतं, पिता मोठा, पुत्र लहान. आंघोळीचं पाणी तापलं का म्हणावं, तर नोकर सांगतो, पुत्र शून्यातून निर्माण झाला. थोडी अतिशयोक्ती असेलही, पण वाद खरा होता. ख्रिस्त पुरता देव, की देवाने निर्माण केलेला कुणीतरी थोर? 325 साली निकाया इथल्या धर्मसभेने ठरवलं, पुरता देव. मग पुढचा प्रश्न उभा राहिला: तो देव असेल तर भूक, वेदना, मरण हे कुणाचं? 451 साली खाल्केडॉनच्या सभेने सांगितलं, तो पूर्ण देवही आणि पूर्ण माणूसही, दोन स्वभाव पण व्यक्ती एकच.

आपल्याला अवताराची सवय असल्याने यात भांडण्यासारखं काय आहे, असं वाटू शकतं. सीतेसाठी राम रडतो, तरी तो देवच. कुणी त्यावर सभा भरवत नाही. पण त्यांचा मोक्षाचा सगळा हिशेब याच गाठीत अडकला होता. ख्रिस्त देव नसेल तर तो तारू शकत नाही, आणि माणूस नसेल तर त्याने माणसांना तारलं असं म्हणता येत नाही. ईजिप्त आणि सीरियातल्या बहुसंख्य ख्रिस्ती लोकांनी खाल्केडॉनचा निर्णय कधीच मनापासून मानला नाही. सातव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे दोन्ही श्रीमंत प्रांत अरबांकडे गेले.

बादशहा हा देवाचा पृथ्वीवरचा मुखत्यार मानला जाई. म्हणून धर्मगुरू त्याच्या मुठीत असत, असं मात्र समजू नका. बाजाराची ती नियमावली ज्याच्या नावावर आहे, त्या सहाव्या लिओचीच गोष्ट घ्या. लिओला मुलगा हवा होता. एकामागून एक तीन बायका वारल्या. तिसऱ्या लग्नाविरुद्ध त्याने स्वतःच कायदा केला होता, तरी तिसरं लग्न केलं. 905 साली झोई नावाच्या स्त्रीपासून त्याला मुलगा झाला आणि त्याने तिच्याशी चौथं लग्न लावलं. प्रमुख धर्मगुरू निकोलस याने 906च्या नाताळात त्याला हागिया सोफियाच्या दारातच अडवलं. पंधरवड्याने, दुसऱ्या सणाला, पुन्हा तेच. अत्तरवाल्याचं मेज किती हातांवर लावायचं हे ठरवणारा माणूस स्वतःच्या राजधानीतल्या सर्वांत मोठ्या देवळाबाहेर ताटकळला. पुढे त्याने रोमच्या पोपकडून परवानगी मिळवली आणि निकोलसला पदावरून काढलं. पण दारात अडवलं गेलं ते गेलंच.

ते देऊळही थोडं पाहून घेऊ. 532 साली शहरात मोठी दंगल झाली, जुनं चर्च जळालं. बादशहा जस्टिनियनने ट्रॅलेसचा अँथेमियस आणि मिलेटसचा इसिडोर या दोघांना कामाला लावलं आणि 537 मध्ये, सहा वर्षांच्या आत, नवं हागिया सोफिया उभं राहिलं. घुमटाचा व्यास साधारण 31 मीटर, उंची 55 मीटरच्या आसपास. घुमटाच्या बुडाशी ओळीने चाळीस खिडक्या आहेत. ऊन आत आलं की खालची भिंत जणू विरघळते आणि घुमट अधांतरी राहतो. प्रोकोपियस हा त्या काळचा इतिहासकार म्हणतो, तो आकाशातून सोन्याच्या साखळीने टांगल्यासारखा वाटे. गंमत म्हणजे 558 साली तो कोसळलाच. मग थोडा जास्त उंच करून पुन्हा बांधला.

खाल्कीच्या दारावरच्या चित्राकडे परत येऊ, कारण त्याच्यावरून रक्त सांडलंय. आठव्या शतकात साम्राज्य चहूकडून दाबलं गेलं होतं. 717-18 साली अरबांनी राजधानीलाच वेढा घातला. तो उठला, पण 726 मध्ये एजियन समुद्रात थेराचा ज्वालामुखी फुटला. बादशहा तिसऱ्या लिओला यात देवाचा कोप दिसला. आपलं काय चुकतंय? चित्रांपुढे लोटांगणं घालतो, मूर्तिपूजा करतो, हे चुकतंय. परंपरा सांगते की त्याने खाल्कीवरचं चित्र काढून टाकायला माणूस पाठवला, तेव्हा जमलेल्या बायकांनी त्याची शिडी ओढून त्याला मारलं. आजचे अभ्यासक या गोष्टीबद्दल साशंक आहेत. चित्रं काढून टाकण्याचं धोरण मात्र पुढे खरोखर चाललं, मधल्या खंडासह 843 पर्यंत.

चित्रविरोधकांचा युक्तिवाद तसा धारदार होता. तुम्ही ख्रिस्ताचं चित्र काढता, म्हणजे काय काढता? फक्त त्यातला माणूस काढलात, तर देव आणि माणूस वेगळे केलेत. देव काढलात म्हणता, तर जो रेषेत मावत नाही त्याला रेषेत कोंबलंत. दोन्ही पाप. चित्रांची बाजू मांडली ती दमास्कसच्या जॉनने. तो राहत होता खलिफाच्या राज्यात, त्यामुळे बादशहाचा हात त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: देव स्वतःच देह धरून आला, लोकांनी त्याला डोळ्यांनी पाहिलं, मग त्याचं चित्र का नाही? मी लाकडारंगाची उपासना करत नाही, त्यातून ज्याची आठवण होते त्याची करतो. आजोबांच्या फोटोला हार घालताना आपण काचेला हार घालत नसतो, तसंच काहीसं. 787च्या धर्मसभेने हाच फरक नीट मांडला: उपासना एकट्या देवाची, चित्राला फक्त मान, आणि तो मान चित्रातल्या व्यक्तीकडे जातो. सगुण-निर्गुणाच्या वादावर वाढलेल्या मराठी माणसाला हे ऐकून घरच्यासारखं वाटावं.

843 साली राजमाता थिओडोराने चित्रं कायमची परत आणली. खाल्कीवरचं नवं चित्र केलं लाझारोस या भिक्षूने. चित्रं रंगवल्याबद्दल आधीच्या बादशहाने त्याचे हात तापलेल्या लोखंडाने भाजले होते, असं सांगतात.

या वादाचा माग बाजारातही लागतो, चक्क नाण्यावर. कॉन्स्टंटाइनने सुरू केलेलं सोन्याचं नाणं साडेचार ग्रॅमच्या आसपास भरे. एका रोमन पौंड सोन्यात 72 नाणी. सातव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या जस्टिनियनने दर्शनी बाजूला ख्रिस्ताचा चेहरा आणला आणि स्वतःला मागच्या बाजूला टाकून ‘ख्रिस्ताचा सेवक’ म्हणवून घेतलं. चित्रविरोधी काळात तो चेहरा नाण्यावर नाही. 843 नंतर परत आला. म्हणजे पेठेत मिरी घेणाऱ्याच्या तळहातावरही देवच. नाणं खोटं करणाऱ्या किंवा कानस मारणाऱ्या सराफाचा हात तोडायचा, अशी त्या नियमावलीत शिक्षा आहे, त्यामागे ही गोष्टही असावी असं मला वाटतं.

या नाण्याची पत भारतापर्यंत होती. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नावाचा व्यापारी होता. पुढे तो भिक्षू झाला, आणि विश्व पेटीसारखं चौकोनी आहे हे सिद्ध करायला त्याने एक जाडजूड ग्रंथ लिहिला. भूगोल बिनकामाचा, पण बंदरांची माहिती सोन्यासारखी. त्यात तो ‘कल्लियाना’ हे बंदर नोंदवतो. तिथून तांबं, लाकूड आणि कापड बाहेर जातं म्हणतो, आणि तिथे पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याचंही सांगतो. बहुतेक अभ्यासक हे बंदर म्हणजे आपलं कल्याण असं मानतात. लोकल पकडताना आपण ज्या फलाटावर धक्के खातो, त्या गावात चौदाशे-पंधराशे वर्षांपूर्वी एक बिशप असावा. कॉस्मसचं ‘सिबोर’ म्हणजे चौल असंही बरेच जण म्हणतात. तो स्वतः इथवर आला होता का, यावर मात्र एकमत नाही.

त्याने सांगितलेली एक गोष्ट अशी. सोपात्रोस नावाचा रोमन व्यापारी श्रीलंकेच्या राजापुढे उभा राहिला. शेजारी एक पर्शियन. राजाने विचारलं, तुमच्यापैकी कुणाचा राजा मोठा? पर्शियनाने लांबलचक फुशारकी मारली. सोपात्रोस म्हणाला, दोन्ही राजे इथेच आहेत, बघून घ्या. आणि त्याने नाणी पुढे ठेवली. रोमन नाणं सोन्याचं, झळझळीत, रेखीव. पर्शियन नाणं चांदीचं. राजाने निकाल दिला आणि सोपात्रोसला हत्तीवर बसवून ढोल वाजवत मिरवलं. सांगणारा रोमनांच्या बाजूचा, तेव्हा गोष्ट जरा हातचं राखूनच ऐकावी. तरी नाण्याचा हा तोरा साम्राज्याला पुढे पाचशे वर्षं पुरला.

सोन्याखालोखाल रेशीम. कच्चं रेशीम चीनकडून यायचं आणि वाटेत पर्शियन दलाल बसलेले. 552च्या आसपास काही भिक्षू जस्टिनियनकडे आले आणि किड्यांची अंडीच आणून द्यायला तयार झाले. एका वर्णनात ती पोकळ काठीतून आली. प्रोकोपियस सांगतो, ती शेणात ठेवून ऊब दिली आणि उबवली. मग तुतीचा पाला, मग कोष, आणि हळूहळू साम्राज्याचं स्वतःचं रेशीम.

दहाव्या शतकापर्यंत त्याचं पक्कं सरकारी तंत्र झालं होतं. कच्चं रेशीम विकत घेणारे वेगळे, ते साफ करणारे वेगळे, विणणारे-रंगवणारे वेगळे, तयार कपडे विकणारे वेगळे आणि सीरियाहून आलेला माल विकणारे आणखी वेगळे. एकाने दुसऱ्याच्या धंद्यात हात घालायचा नाही. अत्तरवाल्यानेही किराणा ठेवायचा नाही. सगळ्यांवर एपार्क नावाचा नगराधिकारी. पेशवाईतल्या पुण्याच्या कोतवालासारखा, पण अधिकार त्याहून मोठे. मासळीवाल्यांनी रोज पहाटे त्याला रात्रीची पकड कळवायची आणि मग भाव ठरायचा. भट्टीवाल्यांना आणि त्यांच्या जनावरांना वेठीला धरायचं नाही, पावात खंड पडता कामा नये. शेजारच्या दुकानाचं भाडं चोरून वाढवून ते बळकावणाऱ्याला फटके. हे शेवटचं कलम वाचून आजचे कितीतरी भाडेकरू सुस्कारा सोडतील.

गडद जांभळं रेशीम मात्र बाजारात नाहीच. तो रंग समुद्री शंखांतून काढत आणि तो बादशहाचा. 968 साली क्रेमोनाचा बिशप ल्युटप्रांड जर्मन सम्राट ऑटोचा दूत म्हणून आला, तेव्हा हे त्याच्या चांगलंच अंगाशी आलं. आधी जेवणाने त्याचा जीव गेला. दारूत राळ आणि डांबर. बादशहाने प्रेमाने स्वतःच्या ताटातलं बोकड पाठवलं, तर ते लसूण-कांद्याने भरलेलं आणि माशाच्या रश्श्यात निथळणारं. निघताना अधिकाऱ्यांनी सामान उघडायला लावलं. चालेल त्या कापडावर शिशाचं सील मारलं, आणि पाच उंची जांभळी कापडं काढून घेतली. तो चिडून म्हणाला, आमच्याकडे तर असली वस्त्रं वेश्यासुद्धा नेसतात, इटलीतल्या व्हेनिस आणि अमाल्फी बंदरांचे व्यापारी आणून देतात. अधिकारी म्हणाले, यापुढे आणणार नाहीत. या चकमकीत साम्राज्याचा अहंकारही दिसतो आणि त्याच्या तटाला पडलेलं भोकही.

ल्युटप्रांडला आधीच्या फेरीत, 949 साली, दरबाराने भारावून टाकलं होतं. सोनेरी झाड, त्यावर गाणारे धातूचे पक्षी, सिंहासनापाशी डरकाळी फोडणारे यांत्रिक सिंह. त्याने तीनदा लोटांगण घालून मान वर केली, तो बादशहा सिंहासनासकट छतापाशी पोचलेला आणि कपडेही बदललेले! थाट हा इथे राज्यकारभाराचाच भाग होता. लढाई महाग पडते, दिपवणं त्यामानाने स्वस्त. कीव्हच्या रशियन व्यापाऱ्यांशीही असंच. करारान्वये ते एकाच दरवाजाने, बिनहत्यारी, एका वेळी जास्तीत जास्त पन्नास जण आत येत. रेशीम खरेदीवरही मर्यादा. पण त्यांच्याच राज्याचे दूत हागिया सोफियातली पूजा पाहून परतले आणि म्हणाले, आम्ही स्वर्गात होतो की पृथ्वीवर हेच कळेना. निदान रशियन बखर तसं सांगते. 988च्या सुमारास त्यांच्या व्लादिमिरने बाप्तिस्मा घेतला आणि बादशहाच्या बहिणीशी लग्न केलं. रशियन, बल्गेरियन, सर्बियन आज ज्या लिपीत लिहितात तिला किरिल हे नाव मिळालं तेही 863 साली स्लाव लोकांकडे पाठवलेल्या एका बायझंटाइन धर्मप्रचारकावरून.

एवढं सगळं असून साम्राज्य मोडलं कशाने? नेहमीचं उत्तर येतं ते रोम आणि कॉन्स्टंटिनोपल इथल्या चर्चमधल्या 1054च्या धर्मफुटीचं आणि तुर्कांचं. फूट खरी आहे. त्या वर्षी 16 जुलैला पोपच्या दूताने हागिया सोफियाच्या वेदीवर बहिष्काराचा कागद ठेवला. एक भांडण तर प्रसादाचा पाव आंबवलेला हवा की बिनआंबवलेला, यावर होतं. पण माझ्या मते खरी गोम जकातीत आहे. मालावर दहा टक्के जकात होती, आणि सोन्याच्या नाण्याचं तेज तीवर पोसलं जात होतं. अकराव्या शतकात नाण्यात भेसळ सुरू झाली. 1080च्या दशकात तर त्यात नावापुरतंच सोनं उरलं. तशात दक्षिण इटलीतले नॉर्मन लढवय्ये चालून आले आणि बादशहा पहिला अलेक्सिओस आरमारासाठी व्हेनिसपुढे उभा राहिला. 1082च्या सनदेने त्याने व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना जकात माफ केली, वर शहरात दुकानं आणि धक्के दिले. एवढंच नाही, अमाल्फीवाल्यांच्या दुकानांनी दरवर्षी व्हेनिसमधल्या सेंट मार्कच्या चर्चला पैसे भरावेत असंही ठरवून दिलं. स्वतःचा ग्रीक व्यापारी दहा टक्के भरतोय आणि शेजारचा परका शून्य. पुढचं सांगायला ज्योतिषी नको.

सवलत काढून घ्यायचा प्रयत्न झाला. 1171 साली व्हेनिसच्या लोकांना एकाच दिवशी अटक झाली, 1182 साली शहरात पश्चिमेकडच्या लोकांची कत्तल झाली. आणि 1204च्या एप्रिलमध्ये, जहाजांचं भाडं थकलेले पश्चिमेकडचे धर्मयोद्धे (क्रुसेडर) व्हेनिसच्या आरमारासह तटावर चढले. ख्रिस्ती सैन्याने ख्रिस्ती जगातलं सर्वांत श्रीमंत शहर लुटलं. हागिया सोफियाची वेदी फोडून वाटून घेतली, लूट वाहायला खेचरं आत आणली. घोडशर्यतीच्या मैदानावरचे चार ब्राँझचे घोडे गेले व्हेनिसला. ते अजून तिथेच आहेत.

1261 मध्ये शहर परत मिळालं, पण समोर खाडीपलीकडे गलाट्यात आता इटलीतल्या जिनोआचे व्यापारी बसले होते. चौदाव्या शतकातला इतिहासकार ग्रेगोरास आकडे देतो: गलाट्याच्या जकातीचं वर्षाचं उत्पन्न 2,00,000 सोन्याची नाणी, राजधानीचं जेमतेम 30,000.

त्याच सुमारास, 1343 साली, राजमाता ॲनाने राजघराण्याचे दागिने व्हेनिसकडे 30,000 डुकाटांना (तिथल्या सोन्याच्या नाण्यांना) गहाण टाकले. 1346 मध्ये हागिया सोफियाच्या घुमटाचा एक भाग कोसळला, म्हणून पुढच्या वर्षी सहाव्या जॉनचा राज्याभिषेक दुसऱ्याच चर्चमध्ये उरकावा लागला. मुकुटात रत्नांच्या जागी रंगीत काच होती आणि सोन्याच्या जागी मुलामा दिलेलं चामडं. मेजवानीला भांडी मांडली ती कथलाची आणि मातीची. गहाण टाकलेले दागिने सोडवून आणायला पुढे कुणाकडेच पैसे जमले नाहीत.